सगळ्यांची खूण, मोजक्या प्रती

मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्राखाली डाव्या बाजूला पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ 12/100. पहिला आकडा त्या प्रतीचा क्रमांक, दुसरा आवृत्तीतील एकूण प्रतींचा. उजवीकडे चित्रकाराची सही असते. या एवढ्याशा नोंदीत एक वचन दिलेले असते: हे चित्र शंभरच जणांकडे असेल, एकशे एकावी प्रत निघणार नाही. गेल्या काही दशकांत या वचनाच्या वरच्या जागेत अशी चित्रे येऊ लागली आहेत, ज्यांची मर्यादा ठरवणे मुळातच अवघड आहे. इमोजी, पडद्यावरच्या लहान चित्रखुणा, पिक्सेलमध्ये रचलेली फुले आणि चेहरे या इंटरनेटच्या खुणा रोज अब्जावधी वेळा उमटतात, त्यासाठी कोणाला शाई लागत नाही की कागद. अशी खूण शंभर प्रतींत बांधली, तर चित्रकार नेमके काय विकतो आणि घेणारा काय घेतो, हा समकालीन मुद्राचित्रणातला एक खरा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्यासाठी मर्यादा आली कुठून, ते आधी पाहावे लागते. सुरुवातीला ती कोणी घातली नव्हती, धातूनेच घातली होती. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सुईने थेट ओरखडून काढलेल्या चित्रात रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि छापात मखमलीसारखी गडद रेषा उमटते. दाबयंत्रातून पत्रा काही डझन वेळा गेला की ही कोर झिजते. त्यामुळे पहिल्या प्रती आणि नंतरच्या प्रती यांत डोळ्यांना दिसणारा फरक पडतो. रेम्ब्रांचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतरही पुढचे मालक छापत राहिले, म्हणून त्याच्या चित्रांच्या जुन्या आणि नव्या छापांच्या किमतीत मोठे अंतर असते. जपानी काष्ठठशांचेही तसेच. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या हजारो प्रती निघाल्या, त्यावर कुठलाही क्रमांक नव्हता. ठसा झिजत गेला तशा रेषा तुटक होत गेल्या आणि जाणकार आज त्या तुटकपणावरूनच प्रतीचा काळ ओळखतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा पातळ थर चढवण्याची विद्युत-प्रक्रिया आली आणि झीज जवळजवळ थांबली. पत्रा आता हवे तितके छाप देऊ शकत होता. छायाचित्रणानेही चित्रांची नक्कल स्वस्त केली होती. नेमक्या याच काळात व्हिसलर आणि सीमोर हेडन यांच्यासारख्या चित्रकारांनी प्रत्येक छापावर पेन्सिलीने सही करायला सुरुवात केली. प्रतींना क्रमांक देण्याची आणि आवृत्ती संपली की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो रद्द करण्याची प्रथा पुढे रुळली. म्हणजे वस्तूची नैसर्गिक मर्यादा संपली, तेव्हा माणसाच्या शब्दाची मर्यादा तिच्या जागी आली. शंभर हा आकडा त्या दिवसापासून तंत्राचा राहिला नाही. तो कराराचा झाला.

महाराष्ट्रात छापील चित्राची वाट अगदी उलट दिशेने गेली. राजा रविवर्मा यांनी 1894मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वतीच्या चित्रांना प्रतींची मर्यादा नव्हती. ती जितक्या घरांत जातील तितके त्या छापखान्याचे यश. सर्वांच्या ओळखीची प्रतिमा सर्वांपर्यंत पोचवणे हे छपाईचे मूळ काम, आणि मर्यादित आवृत्ती हा त्या कामाला नंतर घातलेला बांध, हे त्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

इंटरनेटच्या खुणांची गोष्ट याच सर्वसामाईकपणाची आहे. @ ही खूण व्यापारी हिशेबांत जुनीच होती. 1971मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यात माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे करण्यासाठी ती निवडली. 1982च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फाल्मन यांनी विनोद आणि गंभीर मजकूर वेगळे ओळखू यावेत म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा आडवा हसरा चेहरा सुचवला. यात चित्रकाराचा हात कुठेच नव्हता. टंकलेखनाच्या यंत्रावर जे होते, त्यातूनच अर्थ काढला गेला.

चित्र आले ते जपानमध्ये. नव्वदच्या दशकात तिथल्या तरुणांच्या हाती पेजर होते आणि त्यावर हृदयाची एक खूण पाठवता येत असे. पुढच्या पेजरमधून ती खूण काढली गेली, तेव्हा तरुण ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वळले. एका हृदयाची एवढी किंमत असू शकते, हे दूरसंचार क्षेत्राला त्यातून कळले. 1999मध्ये एनटीटी डोकोमो कंपनीची आय-मोड ही मोबाइल-इंटरनेट सेवा सुरू झाली. तिच्यासाठी शिगेताका कुरिता यांच्या कामातून 176 चिन्हे तयार झाली. प्रत्येक चिन्ह 12 बाय 12 ठिपक्यांच्या चौकटीत, म्हणजे फक्त 144 ठिपक्यांत बसवायचे होते. हवामानाच्या बातम्यांतली सूर्य आणि छत्रीची चित्रे, रस्त्यांवरच्या पाट्या, जपानी चित्रकथांतले भावनांचे संकेत अशा ठिकाणांहून कुरितांनी आकार घेतले. जपानी कंपन्यांत त्यांच्याआधीही चित्रखुणांचा एक संच निघाला होता, पण लोकांच्या सवयीत उतरला तो हा.

2010च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोड या संगणकीय अक्षर-प्रमाणाच्या सहाव्या आवृत्तीत शेकडो इमोजींना जगभर चालणारे सांकेतिक क्रमांक मिळाले. इथे एक बारकावा आहे आणि मुद्राचित्राशी त्याचा थेट संबंध आहे. युनिकोड फक्त क्रमांक आणि वर्णन ठरवते. त्या क्रमांकाचे प्रत्यक्ष चित्र ॲपल, गूगल, सॅमसंग आपापल्या शैलीत काढतात आणि त्या रेखाटनावर त्यांचे हक्क असतात. म्हणजे ‘आनंदाश्रू असलेला चेहरा’ ही कल्पना सर्वांची, पण फोनवर दिसणारा तो विशिष्ट पिवळा, चकाकता गोळा एका कंपनीचा. तो जसाच्या तसा कागदावर छापून विकणारा कलाकार कायद्याच्या दारात उभा राहतो. ट्विटरने 2014मध्ये आपला इमोजी-संच श्रेय देण्याच्या अटीवर खुला केला. ज्यांना असे काम करायचे आहे, त्यांच्यासमोर तीन मार्ग उरतात: खुला संच वापरणे, परवानगी घेणे किंवा खूण आपल्या हाताने नव्याने काढणे. तिसरा मार्ग सर्वांत कष्टाचा आहे आणि कलेच्या दृष्टीने बहुतेक वेळा तोच बरोबर ठरतो.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2010मध्ये @ ही खूण आपल्या संग्रहात घेतली. तिथे विकत घेण्यासारखे काही नव्हते. संग्रहात घेण्यासाठी वस्तू ताब्यात असावीच लागते असे नाही, अशी भूमिका संग्रहालयाने मांडली. 2016मध्ये कुरितांच्या 176 चिन्हांचाही त्याच संग्रहात समावेश झाला. संग्रहालयाने या खुणांचे मोल मानले, ते त्या दुर्मिळ आहेत म्हणून नव्हे. त्या सगळीकडे आहेत म्हणून.

सर्वांची प्रतिमा आणि मोजक्या प्रती यांतला ताण इंटरनेटच्या आधीही चित्रकारांनी अनुभवला होता. अँडी वॉरहॉलने 1967मध्ये मेरिलिन मन्रोच्या प्रसिद्धी-छायाचित्रावरून दहा स्क्रीनप्रिंटचा संच काढला आणि त्याचे 250 संच ठरवले. काही वर्षांतच युरोपात त्याच प्रतिमांच्या आणखी प्रती निघू लागल्या. त्यांच्या पाठीमागे, सही तुमची तुम्हीच करा, अशा अर्थाचा शिक्का होता. भिंतीवर लावल्यावर सामान्य डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, बाजारात मात्र दोन्हींच्या किमतींची तुलनाच होत नाही. फरक आहे तो वचनाचा.

रॉबर्ट इंडियानाची कथा अधिक बोलकी आहे, कारण त्याने छापली ती खूणच होती. इंग्रजी ‘लव्ह’ शब्दाची चार अक्षरे दोनावर दोन रचलेली आणि तिरपे झुकलेले ओ. 1965मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या नाताळ-शुभेच्छापत्रासाठी त्याने ती केली. स्वामित्वहक्काची खूण आणि सही यांमुळे रचना बिघडेल असे त्याला वाटले आणि त्याने ती घातली नाही. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात अशी सूचना नसेल तर हक्क सांगणे कठीण होई. रचना उशा, पेले आणि पोस्टरांवर पसरली. 1973मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिचे आठ सेंटचे तिकीट काढले आणि ते तीस कोटींहून अधिक छापले गेले. इंडियानाने या रचनेची सही-क्रमांकाची मुद्राचित्रेही केली, पण कला-जगतातले अनेक लोक त्याच्याकडे वस्तू-विक्रेता म्हणून पाहू लागले. तो दुखावला आणि पुढे मेन राज्यातल्या एका बेटावर राहायला गेला. खूण इतकी लोकांची झाली की तिच्या कर्त्याला तिच्यात जागा उरली नाही. इमोजी किंवा मीम घेऊन काम करणाऱ्या चित्रकाराला हा धोका उलट्या बाजूने असतो: खूण आधीच लोकांची आहे, तिच्यात आपली जागा त्याला नव्याने निर्माण करावी लागते.

ही जागा सर्वांत विचारपूर्वक निर्माण केली ती चीनच्या शू बिंगने. त्याचा जन्म 1955चा, चोंगछिंगचा. बालपण बीजिंगमध्ये गेले. वडील विद्यापीठात इतिहास विभागात होते आणि आई ग्रंथालयशास्त्र विभागात. वाचता येण्याआधी तो पुस्तकांत वाढला आणि वाचता येऊ लागले तेव्हा सांस्कृतिक क्रांती आली. 1974मध्ये तो खेड्यात पाठवला गेला, 1977मध्ये बीजिंगच्या सेंट्रल अकादमीत मुद्राचित्रण शिकू लागला. पदव्युत्तर अभ्यासात 1987च्या सुमारास त्याने ‘पाच पुनरावृत्ती-मालिका’ केल्या. एकच लाकडी ठसा आधी काहीही न कोरता छापला, तेव्हा काळा आयत उमटला. मग थोडे कोरून पुन्हा छापला, आणखी कोरून पुन्हा. चित्र हळूहळू उगवले, पूर्ण झाले आणि कोरणे चालूच राहिल्यामुळे विरत गेले. शेवटी सगळे लाकूड निघून कोरा कागद उरला. मुद्राचित्राचे सत्त्व पुनरावृत्तीत आहे, हे म्हणणे त्याने कोरून दाखवले. इथल्या आवृत्तीची मर्यादा क्रमांकाने ठरलेली नाही, लाकूड संपण्याने ठरलेली आहे.

त्यानंतरची काही वर्षे त्याने ‘आकाशातले पुस्तक’ केले. चिनी अक्षरांसारखी दिसणारी, पण कोणत्याही कोशात नसलेली सुमारे चार हजार अक्षरे त्याने स्वतः रचली आणि छपाईच्या लाकडी खिळ्यांवर हाताने उलटी कोरली. जुन्या पद्धतीच्या छापखान्यात त्यांचा मजकूर जुळवला, दोऱ्याने शिवलेल्या ग्रंथांच्या रूपात छापला आणि मोजके संच केले. 1988मध्ये बीजिंगला ते प्रथम दाखवले, तेव्हा पंडितही एखादे तरी ओळखीचे अक्षर सापडते का ते शोधत राहिले. कोणालाच वाचता आले नाही, आणि त्या न कळण्यात प्राध्यापक आणि निरक्षर एका पातळीवर आले.

1990मध्ये तो अमेरिकेत गेला. विमानतळांवर आणि विमानांत त्याला सुरक्षेच्या सूचनापत्रिका दिसत, त्यांत जवळजवळ सगळे चित्रांनी सांगितलेले असे. त्या तो जमवू लागला. 2003मध्ये च्युइंगमच्या वेष्टनावर तीन छोटी चित्रे त्याने पाहिली: चघळून झाले की कागदात गुंडाळा आणि कचरापेटीत टाका. तीन चित्रांत वाक्य होते, तर चित्रांत पुस्तकही होईल, असे त्याला वाटले. ‘जमिनीवरचे पुस्तक’ तिथून सुरू झाले. त्याने स्वतःला एक कडक नियम घातला: एकही चिन्ह स्वतः काढायचे नाही. जगात आधीच वापरात असलेली चिन्हेच घ्यायची. पाट्या, संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रखुणा, हसरे-रडके चेहरे, कंपन्यांची बोधचिन्हे त्याने हजारोंनी जमवली आणि ती वाक्यासारखी लावली. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बिंदूपासून बिंदूकडे’ या पुस्तकात एका शहरी नोकरदाराचे चोवीस तास आहेत. गजर, न्याहारी, गर्दी, कचेरी, ईमेल, ऑनलाइन ओळखी, रात्रीची झोप न येणे, सगळे चिन्हांत. पुढे ते अमेरिकेतही निघाले, तेव्हा आतल्या मजकुराचे भाषांतर करावे लागले नाही.

2007मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याने याच चिन्हांची संगणक-प्रणाली ठेवली. एका बाजूला बसलेली व्यक्ती इंग्रजीत लिही, दुसऱ्या बाजूची चिनीत आणि दोघांच्या मध्ये चिन्हांत रूपांतरित झालेला मजकूर येई. सगळ्यांना वाचता येईल असे पुस्तक, ही त्याची आकांक्षा आहे, पण तिला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. लिफाफा म्हणजे ईमेल आणि दांडीचे भिंग म्हणजे शोध, हे ज्याने पडद्यावर पाहिलेले नाही, त्याला हे पुस्तक वाचता येत नाही. अक्षरज्ञानाच्या जागी इथे उपकरणांची ओळख आली. तरीही या दोन पुस्तकांनी मिळून जे केले, त्याला तोड नाही. कोणालाही न वाचता येणारी अक्षरे त्याने हाताने कोरली, हाताने छापली आणि मोजक्या संचांत ठेवली. सर्वांना वाचता येणारी चिन्हे त्याने यंत्राने छापलेल्या साध्या पुस्तकात सोडून दिली, कोणीही विकत घ्यावीत अशी. आवृत्तीचा प्रकार त्याने चिन्हाच्या स्वभावावरून ठरवला. मर्यादित आवृत्ती काढणाऱ्या प्रत्येक कलाकाराने आणि गॅलरीने हा धडा गिरवावा असा आहे.

जपानच्या ताकाशी मुराकामीची वाट याहून वेगळी आहे. 1962मध्ये तोक्योत जन्मलेल्या मुराकामीने निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रपद्धतीत डॉक्टरेट मिळवली. एदो काळातील सपाट चित्रे आणि आजची चित्रकथा-ॲनिमेशनची दुनिया यांच्यात एकच सपाट दृष्टी वाहते, हा विचार त्याने 2000च्या सुमारास ‘सुपरफ्लॅट’ या नावाने मांडला. त्याची हसरी फुले जगभर पोचली आहेत. मोठ्या कार्यशाळेत, अनेक सहायकांच्या हातून, कधी एका कामाला शेकडो स्क्रीन वापरून रंगांचे थर चढवले जातात. मुद्राचित्रांच्या क्रमांकित, सही केलेल्या आवृत्त्याही तो नियमित काढतो.

2021मध्ये डिजिटल मालकीच्या प्रमाणपत्रांची, म्हणजे एनएफटीची लाट आली, तेव्हा मुराकामीने ही फुले जुन्या व्हिडिओ-खेळांसारख्या ठोकळेदार पिक्सेलमध्ये आणली. त्याने काम जाहीर केले, मग थांबवले, विचार करून पुन्हा हाती घेतले. संख्या त्याने 108वर बांधली. बौद्ध परंपरेत माणसाचे 108 क्लेश मानतात आणि जपानी मंदिरांत वर्षाच्या शेवटच्या रात्री घंटेचे 108 टोले देतात. 108 पार्श्वभूमी आणि फुलांचे 108 रंग यांच्या गुणाकाराने 11,664 फुले झाली. 2022मध्ये न्यूयॉर्कच्या गॅगोसियन गॅलरीत हीच पिक्सेल-फुले त्याने कॅनव्हासवर रंगवून मांडली. पडद्यावर पिक्सेल हा तंत्राचा नाइलाज होता, कॅनव्हासवर ती निवड झाली. निदान या मालिकेत प्रतींच्या संख्येला अर्थ आहे. ती बाजाराने सुचवलेली गोल संख्या नाही.

पडद्यावरची खूण कागदावर आली की तिच्या अंगात काय बदल होतो, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, लाल-हिरव्या-निळ्या किरणांची बेरीज करून रंग बनवतो. शाई तिच्यावर पडलेला प्रकाश गाळून परत देते. म्हणून फोनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा चार रंगांच्या साध्या छपाईत मंद पडतो. ऑफसेटमध्ये तर पिक्सेलची सरळ कड सूक्ष्म ठिपक्यांत फुटते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, ज्या पद्धतीने आपल्याकडे लग्नपत्रिका छापल्या जात आल्या आहेत त्याच पद्धतीत, ताणलेल्या जाळीवर चित्राचा साचा उतरवतात आणि रबरी पट्टीने शाई ओढतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, प्रत्येक जाळीला कागद नेमका जुळवणे आलेच. इथे शाई आधी मिसळून हवा तो रंग करता येतो, चमकत्या शाया वापरता येतात, कड सुरीने कापल्यासारखी येते आणि शाईचा थर बोटाला लागतो. 144 ठिपक्यांची खूण या पद्धतीने मोठी करून छापली, तर प्रत्येक ठिपका एक रंगवलेला चौकोन होतो. डोळा त्याच्यावर थांबतो, जो फोनवर कधीच थांबला नसता. उलट, फाइल तशीच चांगल्या कागदावर इंकजेटने छापली आणि खाली 12/100 लिहिले, तर कागद महाग होतो, पण चित्रात काहीही घडत नाही. अशा प्रती बाजारात भरपूर आहेत आणि त्यांना मुद्राचित्र म्हणताना संकोच वाटला पाहिजे.

2019च्या इमोजी-यादीत पणती, साडी, रिक्षा आणि हिंदू मंदिर आले. मराठी घरांतली माणसे दिवाळीत ती पणती एकमेकांना पाठवतात, त्यामुळे हा प्रश्न आता दूरच्या शहरांतल्या गॅलऱ्यांपुरता नाही. मुंबई-पुण्याच्या एखाद्या कलादालनात अशा खुणेचे मर्यादित आवृत्तीचे चित्र समोर आले, तर घेणाऱ्याने विकणाऱ्याला सरळ विचारावे: छपाई कोणत्या पद्धतीची, कोणाच्या हातची, कागद कोणता? आवृत्तीबाहेर कलाकाराच्या स्वतःच्या प्रती किती, आणि हेच चित्र दुसऱ्या आकारात पुन्हा निघणार आहे का? साचा किंवा पत्रा रद्द केला आहे का? खुणेचे रेखाटन कोणाचे? ही उत्तरे लेखी मिळत नसतील, तर तो क्रमांक कितीही लहान असला तरी चित्र घेऊ नये.